कॉट बेसिस

खराडीत, सातव्या मजल्यावर,
दुपारी साडेतीनला आपला बाजार मिटतो
आणि मी देश मोजायला घेते.
छप्पन्न कंपन्या, छप्पन्न ओळी,
भाव गुणिले नग,
मग सगळं पौंडात.
त्यातून देणी वजा, कर वजा, आमची फी वजा.
उरेल ते निव्वळ मूल्य, दर शेअरमागे,
दशांशानंतर दोन घरं.

एडिंबराच्या एका ट्रस्टचा आहे हा देश.
एकच. दुसरा कुठला ठेवायचा नाही
असं त्यांच्या घटनेतच लिहिलंय.
आज चारशे बारा पेन्स भरला.
लंडनला मिळत होता तीनशे बासष्टला.

बारा टक्के सूट.
रेवण म्हणतो, आषाढ सेल लागलाय म्हण की.
नाही रे, सेलला माल जुना काढतात,
हा मी आत्ता मोजलाय.

नव्या पोरांना इथेच अडतं.
आतल्या वस्तू शंभराच्या,
मग पिशवीसकट अठ्ठ्याऐंशीला कशा?
त्यांना मी सदाशिव पेठेतली खोली सांगते,
एमकॉमला असताना राहायचे ती.
पाच कॉट. सहावी घालायची नाही.
जायचं तर खुशाल जा, डिपॉझिट मागू नका,
आपली कॉट घेणारी आपणच शोधा,
असा देवधरबाईंचा नियम.
जूनमध्ये त्याच कॉटला वर हजार मिळायचे.
मे महिन्यात प्रमिला गंगावणेनं
अर्ध्या पैशात सोडली आणि रडत एसटीत बसली.
खोली तीच होती. पाणी सकाळी तासभर, तेवढंच.
भिंती काही पातळ झाल्या नव्हत्या.

पोरं हसतात. कळलं म्हणतात.

तिकडून कधी कधी मेल येतात, फिरत फिरत.
आज एक होता, मिसेस म्यूर यांचा.
नवरा गेला, त्याचे चार हजार शेअर बाईंच्या नावावर आले.
विचारतात,
एवढा एकच देश धरून बसावं का मी?
माझं वय एक्क्याऐंशी.
आणि खाली, ओळ सोडून:
तिकडे सगळं ठीक आहे ना?

उत्तर ठरलेलं असतं.
मागची कामगिरी म्हणजे पुढची हमी नव्हे,
आपल्या सल्लागाराशी बोलावं.
चिकटवलं. लगेच पाठवलं नाही.

खाली टँकरची रांग लागली होती.
समोरच्या सोसायटीला रोज सात लागतात,
ते छप्पन्न ओळींत कुठेच धरलेले नाहीत.
एकोणचाळिसाव्या ओळीत
जेजुरीचा बेअरिंगचा कारखाना आहे,
दोन लाख चाळीस हजार नग.
अण्णांनी तिथे एकतीस वर्षं काढली,
बहुतेक तिसरी पाळी.
डाव्या हाताची करंगळी तिथेच राहिली.
ती कशात धरायची, मालमत्तेत की देण्यात,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कंपनीनं पंचविसाव्या वर्षी दिलेले पन्नास शेअर
अण्णांकडेही आहेत. विकत नाहीत.
एकदा मी शिकलेलं बोलून गेले,
सगळं एकाच ठिकाणी ठेवू नये, अण्णा.
म्हणाले, मी तरी कुठे दोन ठिकाणी होतो?

साडेनऊला मिसेस म्यूरना पाठवून दिलं, ठरलेलंच.
शेवटी एक वाक्य घातलं होतं, पाणी कमी आहे पण ठीक आहे,
ते खोडलं.
दहाला लंडन मिटलं. तीनशे एकोणसाठ.

मुंढव्याच्या पुलावर कॅबची काच वर केली, नदीचा वास.
डोक्यात तो फरक फिरत होता,
त्रेपन्न पेन्स,
रात्रभर कुणाच्या खिशात असतो कोण जाणे.

हडपसरला पोचले तेव्हा ताटावर ताट झाकलेलं,
अण्णा जागे.
आज काय भाव?
सांगितला.
पन्नासानं गुणत बसले, बोटांवर,
आहेत तेवढ्या.