फुटाला एक सूत

राजारामपुरी आठव्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर,
साडेसातला पिरजादे मॅडमचा क्लास.
आम्ही नऊ जण. उद्यमनगरातले चौघे,
एक नर्स, कॅनडाच्या नादाची दोन पोरं,
शिरोळची एक सून, जी कधीच काही बोलत नाही,
आणि मी, फौंड्रीत डिस्पॅचला,
ज्यानं मागच्या महिन्यात इटलीच्या गिऱ्हाइकाला कळवलं
की मशीन ‘नॉट ब्रोक डाऊन’.
तिकडून उलट विचारणा आली : नक्की काय झालंय?

आजचा विषय, दोन शब्दांची क्रियापदं, नकारात.
मॅडम म्हणाल्या, भूतकाळ ‘डिड’च्या पाठीवर द्या,
मग ‘ब्रोक’चं पुन्हा ‘ब्रेक’ होतं,
जणू अजून काही मोडलेलंच नाही.
आणि मागचं ‘डाऊन’?
ते हलत नाही.
भट्टी थंड झाल्यावरही गेटवर बसून राहणाऱ्या
आमच्या भैरू वॉचमनसारखं.

मी वहीच्या मागच्या पानावर मराठी लिहून बघितलं.
विकून टाकलं. विकलं नाही.
निघून गेला. गेला नाही.
बोलून बसलो. बोललो नाही.
आपल्यात ‘नाही’ आलं की
जोडीतलं एक गुपचूप उठतं
पंगतीतून, ताट न वाजवता.
वाक्य आकसतं.

आकसणं मला घरचं आहे.
तात्या पॅटर्नमेकर.
ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील आधी सागवानात,
मग त्याचा ठसा वाळूत, मग त्या पोकळीत रस.
त्यांची फूटपट्टी निराळी होती.
खोट्या इंचांची, म्हणायचो आम्ही पोरं.
फुटाला एक सूत जास्त.
‘बीड निवताना आकसतंय रे,
त्येचं त्येला आधीच देऊन ठेवायचं.’

त्यांचे सतरा पॅटर्न माळ्यावर आहेत,
लाल रंग दिलेले, प्रत्येकावर खिळ्यानं कोरलेला नंबर.
नऊ नंबरचा सापडत नाही, तरी आम्ही सतराच म्हणतो.
पुण्याहून उदय म्हणतो, विकून टाक,
जुनं सागवान आहे, भाव येईल.

मॅडमनी प्रत्येकाकडं एक वाक्य मागितलं.
नर्स म्हणाली, पेशंट शुद्धीवर आला नाही, हे कसं?
‘डिड नॉट कम राउंड.’ तिनं दोनदा म्हणून घेतलं,
नातेवाईकांना सांगतात त्या आवाजात.
कॅनडावाल्यानं ‘आय विल नॉट गिव्ह अप’ ठोकलं, जिमच्या भिंतीवरचं.
मग शिरोळची सून, पहिल्यांदाच :
‘आय कान्ट पुट अप विथ इट.’
मॅडम थांबल्या. म्हणाल्या, बरोबर.
हे क्रियापद जास्त करून नकारातच नांदतं.
‘नांदतं’ला ती हसली की काय,
मान खाली होती, दिसलं नाही.

माझं : ‘आय डिड नॉट थ्रो अवे देम.’
चुकलं.
‘देम’ आत घ्या, मॅडम म्हणाल्या,
नाव असतं तर बाहेर चाललं असतं,
सर्वनामाला बाहेर ठेवायचं नाही.
फळा पुसून लिहिलं :
आय डिड नॉट थ्रो देम अवे.

मी बघत राहिलो.
फेकणं या टोकाला, लांब त्या टोकाला,
आणि मधे, धुरळा बसलेले, लाल,
सतरा.
खडूची पूड अजून खाली येत होती.

दसरा चौकात सिग्नलला फोन वाजला.
उदय. ‘टाकलेस विकून?’
‘विकले नाहीत.’
निवताना कुठंतरी सूतभर कमी भरलं असणार,
कारण तो म्हणाला, ‘म्हणजे?
अजून नाहीत, की नाहीतच?’

मी तोंड उघडलं तेवढ्यात सिग्नल सुटला,
आणि मागून रिक्षावाला ओरडला,
‘ओ पाव्हणं, जाणार हाय का न्हाई?’