बाळ नरसू

जकार्डचे पुठ्ठे ओवायचं काम नरसय्या इराबत्तींकडं.
एकाला एक, एकाला एक, दोरीनं,
आणि ती माळ मागावर चढली
की खाली चादरीत मोर उतरायचा.
मी तेव्हा कांड्या भरायचो. चौथी नापास.

एकदा चहा पिताना म्हणाले,
"मी सात वेळा मेलोय बे.
दोनदा नदीत. एकदा साप चावून.
एकदा सावत्र आईनं दूध दिलं त्यात.
बाकीचं आठवत नाही, ताप असंल."

सहा वर्षांचे होते. गड्ड्याच्या जत्रेत
तंबूतला सिनेमा संपला, आणि हे बाहेर रडत उभे.
आत एक गोरं पोर कुत्र्यासाठी रडलं होतं, म्हणून.
कंपनीच्या माणसाला ते रडणं आवडलं.
बापाला चाळीस रुपये दिले, वर एक धोतरजोडी.

"रडू आलं नाही की डायरेक्टर कानाशी यायचा.
सोलापूरहून तार आलीय, आई गेली.
पहिल्या वेळी लई रडलो.
दुसऱ्या वेळीबी.
तिसऱ्यांदा खोटं हाय कळत होतं, तरी रडलो.
त्याला पगार म्हणतात."

खरी तार आली त्या दिवशी शूटिंग नव्हतं.
कुणी सांगितलंच नाही.

"बोलपट नव्हते तवर बरं होतं.
मरताना मी म्हणायचो, अम्मा, आकलैतुंदि.
भूकच लागलेली असायची.
मधी पाटी यायची:
देवा, माझ्या मातेला सांभाळ.
थेटरात बाया पदर लावायच्या डोळ्याला."

मग माइक आला. वय चौदा, आवाज फाटलेला.
"आई, मी चाललो की," म्हणाले,
आणि त्या 'की'वर अख्खा स्टुडिओ हसला.
त्याच आठवड्यात तिसऱ्या वर्गाचं तिकीट.
स्टेशनवर उतरले तर गिरणीचा भोंगा वाजत होता,
तसेच आत गेले.

मी विचारलं, रिळं कुठं हायत?
"जाळली असतील. चांदी निघती त्यातनं, गुंजभर."
मग एक पुठ्ठा ट्यूबलाइटसमोर धरला.
"त्यालाबी अशीच भोकं असायची. दोन्ही काठाला.
मधी मी."

त्या दिवशी एक पुठ्ठा उलटा ओवला गेला.
बारा चादरी निघाल्या, मोराला डोळा नाही.
मालक अंगावर धावून आला.
चोवीस माग चालू होते, काही ऐकू येत नव्हतं.
नरसय्यांचे ओठ हलले, बराच वेळ.
मी बघत राहिलो.
मधे पाटी आली नाही.