पालकाची सही

शाळेतल्या नर्सचं पत्र उजैरच्या दप्तरात
तीन दिवस पडून होतं, डब्यातल्या तेलाने अर्धं पारदर्शक झालेलं.
वय अकरा. वजन एकसष्ट.
वर अरबी, खाली इंग्रजी, तळाला एक रेघ:
पालकाची सही.

नजमाने वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं,
जेवताना मिठाची वाटी सरकवावी तसं.
"तुमच्याच गाडीतला माल," एवढंच म्हणाली.

खरंय. बारा वर्षं मी थंड पेयांची व्हॅन चालवतोय
सोहारपासून शिनासपर्यंत, एका कोल्डस्टोअरपासून दुसऱ्यापर्यंत.
सरकारने गोड बाटलीवर कर बसवला तेव्हा
शुक्रवारच्या बिर्याणीवर सगळ्यात मोठा आवाज माझा होता:
कुणी काय प्यावं हे आता साहेब ठरवणार?
ज्याचं पोर त्याने सांभाळावं!
"लाख बोललात, मुकादम," बशीर म्हणाला
आणि ग्लास पुढे केला. मी भरला.

दाभोळला आम्ही रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभे राहायचो.
तेव्हा सरकार साखर मोजून द्यायचं.
बाप डबा फळीवर ठेवायचा, सगळ्यात वरच्या,
आणि मी स्टुलावर स्टूल चढवून
ओलं बोट आत घालायचो.
एकदा सापडलो. त्या माराचा वळ गेला,
गोडी राहिली.

शाळेने कँटीनमधून वेफर्स काढले, रंगीत पाणी काढलं,
खजूर ठेवले, लबन ठेवलं.
बरं झालं, मी म्हटलं. मग हे एकसष्ट कुठून आलं?

फाटकासमोर कुञ्ञिमोनचं दुकान. माझंच गिऱ्हाईक.
त्याने वही उघडून दाखवली, पान भरून उधारी,
माझ्या नावावर. रोज दोन कॅन, कधी तीन.
"व्हॅनवाल्याचा मुलगा," तो म्हणाला, "त्याला कशाला विचारायचं?"
मी म्हटलं, उद्यापासून देऊ नकोस.
त्याने माझ्या हातातल्या पावतीकडे पाहिलं.
"चोवीस क्रेट उतरवून जाता, भाई,
आणि सांगता देऊ नकोस.
मग कुणाकुणाला देऊ, तेही लिहून द्या."
मी उधारी चुकती केली. क्रेट मोजले.
चोवीसच होते.

रात्री उजैरला समोर बसवलं. बोलायचं बरंच ठरवलं होतं.
तो म्हणाला, "अब्बा, वाईट असतं तर विकता का?"
मी म्हटलं, मोठ्यांसाठी असतं.
तो म्हणाला, "कॅनवर तर अस्वलाचं चित्र आहे."

आठवलं मला. तो तीन वर्षांचा,
नजमा इस्पितळात, घरी कुणी नाही,
म्हणून त्याला चोरून व्हॅनमध्ये घेतलेला.
जुलै महिना, एसी बंद, रडून रडून लाल झालेला.
मी मागून एक कॅन काढला, गालाला लावला,
मग फोडला.
तो गप्प झाला. असा गप्प झाला
की मला स्वतःचं कौतुक वाटलं.
तेव्हा आसपास ना शाळा होती, ना सरकार, ना कुञ्ञिमोन.

सही केली. पेन नीट उठत नव्हतं,
तेलावर शाई धरत नाही, दोनदा गिरवावं लागलं.
आता घरात पाण्याचा माठ आहे, आठवडा झाला.
उजैर ग्लास तोंडाला लावतो आणि कडेवरून माझ्याकडे बघत राहतो,
काही बोलत नाही.

आज फलज अल कबाईलच्या सिग्नलला
सीटखालून एक कॅन काढला. गार होता.
उन्हं अशी की डांबर वितळावं.
शेजारच्या गाडीच्या काचेला नाक लावून
कुणाचं तरी पोर माझ्याकडे टक लावून बघत होतं.
मी कॅन गुडघ्यांमध्ये लपवला
आणि हिरवा व्हायची वाट बघत बसलो.