कसला मॅनेजर होता

हिद्दच्या ड्राय डॉकमागं, खारट वाळूवर
शुक्रवारी ऊन उतरलं की आम्ही जमतो.
गोल म्हणजे स्कॅफोल्डिंगचे पाईप,
जाळं मासळीचं, इक्बाल परकारच्या गावचं,
बाणकोटहून कुणाच्यातरी बॅगेतून आलेलं.
संघाचं नाव नाखवा इलेव्हन.
अकरा खेळतात, साठ जण शिकवतात.

आज पुन्हा चार गोल खाल्ले.
करक चहाचे कप फिरले आणि कुणीतरी
मिर्घनीचं नाव काढलं.

सुदानचा माणूस, क्रेन चालवायचा.
अरब पोरं त्याला उस्ताद म्हणायची,
आम्ही गडहिंग्लज-कोल्हापूरची, वस्ताद.
दोन्ही हाकांना तो सारखाच वळायचा.
गाव कुठलं? म्हणायचा, कसला.
अरे, कुठलं? कसला!
पहिला महिनाभर आम्ही ह्यावरच हसलो.

"संघ त्यानं उभा केला," इक्बाल म्हणाला,
"नायतर तुम्ही तालमीतले,
बॉल सोडून माणसालाच धरायचात."
"उभा केला आन बसवला बी," सर्जेराव चौगले.
"पाच गडी मागं ठिवून फुटबॉल खेळत्यात व्हय?
ही काय गडाची राखण हाय?"
पास्कल म्हणाला, तीन वर्षांत दोन कप.
"त्यातला एक फुकटचा!" सर्जेराव उठलाच.
"समोरची निम्मी टीम त्या दिवशी शिफ्टला हुती."
बिजू गोलकीपर सहसा बोलत नाही.
म्हणाला, माझा बाप गेला तेव्हा
तिकिटाचे दिनार खोलीखोलीतून कुणी गोळा केले?
"माणूस सोन्यासारखा. मी कुठं न्हाई म्हणतोय?
मी मॅनेजरचं बोलतोय."

वाद कुठूनही सुटो,
ढोर अंधार पडता दावणीला यावं
तसा त्या फायनलवर येतो.
एक-एक बरोबरी. सत्तरावं मिनिट.
मिर्घनीनं नऊ नंबरला बाहेर काढलं
आणि आत पाठवला एक नवखा प्लंबर.
दोन-एक. हरलो.
सहा वर्षं झाली, अजून तेच मिनिट चालू आहे.
डोकं फिरलं होतं, म्हणतात.
पैसे खाल्ले, असंही एकदा कुणी म्हणालं,
पण बिजू तिथं नसताना.

नऊ नंबर मी. बसगोंडा.
साक्षीदाराकडं बघावं तसं सगळे माझ्याकडं बघतात,
आणि मी म्हणतो, वाटोळं केलं माझं त्यानं.
सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणतो.

हाफ टाइमला पाण्याच्या टँकरमागं मी ओकत होतो.
रात्रभर जहाजाच्या टाकीत वेल्डिंग, चौदा तास,
तिथनं सरळ मैदानात.
दोन पाईपांचे चार दिसत होते.
त्यानं मानेवर पाणी ओतलं.
म्हटलं, कुणाला सांगू नको,
मेडिकल निघालं तर कंपनी घरी धाडेल,
गावाकडं स्लॅब अर्ध्यावर आहे.
थोडा वेळ खेळू दे, नाहीतर कळेल सगळ्यांना.
त्यानं बुटाची नाडी बांधून दिली, माझीच,
आणि तुटक्या हिंदीत म्हणाला,
बाहेर काढीन तेव्हा मला शिव्या दे. जोरात दे.

दिल्या. जर्सी काढून त्याच्या पायाशी फेकली.
जर्सी त्यानं उचलली, वाळू झटकली, घडी घातली.
एवढं नाटक चांगलं वठलं
की नंतर मलाही ते खरं वाटू लागलं.
पुढच्या वर्षी नवी क्रेन आली, नवा माणूस आला.
आता तिकडं लढाई. फोन लागत नाही.
स्लॅब मात्र पडला. वर अजून एक मजला झाला.

"बोल की रं बसगोंडा," सर्जेराव म्हणाला,
"तूच सांग, कसला मॅनेजर हुता त्यो?"
मी म्हटलं, "कसलाचा."
हसले सगळे. बिजू सोडून.
डॉकवरचे पिवळे दिवे एकेक करून लागले,
मी कप वाळूत उपडा केला.
"आज शिवी न्हाई दिली ह्यानं,"
सर्जेराव इक्बालला म्हणाला,
"ताप-बिप आलाय का बघ."