समुद्र स्थिर आहे असे मानू

दहावी ब. ट्रॉम्बे. शेवटचा तास.
फळ्यावर मी दीपगृह काढलं,
म्हणजे एक उभी रेघ,
टोकाला ठिपका, ठिपक्यात निरीक्षक.
खाली आडवी रेघ, तो समुद्र.
समुद्रावर गलबत, तेही ठिपकाच.
उंची साठ मीटर, अवनत कोन तीस अंश,
तर गलबत दीपगृहापासून किती दूर?

एकोणीस वर्षं हे उदाहरण शिकवतोय.
मी बार्शीचा. आमच्याकडे पाणी
उन्हाळ्यात विहिरीच्या पायऱ्या उतरायचं,
श्रावणात परत चढायचं.
दिवसातून दोनदा नाही.

हेमाली भांजीनं हात वर केला.
ती सहसा करत नाही. पहाटे बंदरावर
बर्फातली मासळी निवडून आलेले हात
ती बाकाखालीच ठेवते.
"सर, भरती हाय का सुकती?"

वर्ग हसला. मीही हसलो.
म्हटलं, पुस्तकात दिलेलं नाही.
"मग ते साठ कुठून मोजले?"

खडू बोटात तसाच.
टॅन तीस म्हणजे एक छेद वर्गमूळ तीन,
साठ गुणिले एक दशांश सात तीन,
एकशे तीन दशांश आठ.
उत्तर शेवटच्या पानावर छापलेलं आहे,
दर वर्षी तेच येतं.
पाणी चार मीटर चढलं तर साठाचे छप्पन्न,
आणि छप्पन्नचं उत्तर छापलेलं नाही.
ते तिनं वहीच्या मागं काढलं,
शहाण्णव दशांश आठ आठ.
"सात मीटरचा फरक, सर.
सात मीटरात खडक येतो."

घंटा झाली. कुणी उठलं नाही,
म्हणजे दोघं-तिघं उठले, पण दारात थांबले.
मी विचारलं, भरतीची वेळ कशी काढता?
इरफान म्हणाला, मोबाइलवर येते.
ती म्हणाली, मोबाइल नव्हता तवा पण पाणी येतच होतं.
तिथीची पाऊणपट करायची.
चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा.

दुसऱ्या दिवशी आलेखकागद.
एक्स-अक्षावर तिथी, वाय-अक्षावर वाजलेले.
चार कॉमा तीन. आठ कॉमा सहा. बारा कॉमा नऊ.
आरंभबिंदूतून निघालेली सरळ रेघ,
चढ तीन छेद चार.
चढ हा शब्द मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिला,
त्यात पाणी कधी दिसलं नाही.

आमचे दादा अडतीवर मुनीम होते.
पोत्यांच्या मध्ये बसून पाऊणकी म्हणायचे,
पाऊण, दीड, सव्वादोन, तीन,
एका श्वासात, बोटं न मोडता.
मला वाटायचं ती ज्वारीची भाषा आहे.
अभ्यासक्रमातून ती गेली,
मी शिकायच्या आधीच गेली.
इथं खाडीकाठी कुणीतरी ती
चंद्राला लावून ठेवली होती.

सराव परीक्षेत दीपगृह आलंच.
आकडे वेगळे, निरीक्षक तोच.
हेमालीनं आकृती काढली, पट्टीनं,
आणि पहिल्या ओळीत लिहिलं,
समुद्र स्थिर आहे असे मानू.
मग मुकाट्यानं सगळं सोडवलं,
जसं पाहिजे तसं, एकक लिहून, उत्तराला चौकट करून.

गुणदान योजनेत आकृतीला एक गुण आहे,
गुणोत्तराला एक, किमतीला एक, उत्तराला एक.
त्या ओळीला नाही.
मी लाल पेन तिच्यावर बराच वेळ धरला
आणि समासात एक बारीक टिक केली,
जिची बेरीज होत नाही.

पेपर वाटले तेव्हा तिनं ती टिक पाहिली की नाही
कुणास ठाऊक. तिनं एकूण गुण मोजले,
पुन्हा मोजले, टेबलाशी आली.
"सर, तिसऱ्या प्रश्नाचा अर्धा धरला नाही."
खरंच धरला नव्हता. मी आकडा खोडून दुरुस्त केला.
सही करतोय तोवर ती एका पायावरून
दुसऱ्या पायावर होत होती.
एवढी घाई कसली, मी म्हटलं.
"चवदस हाय, सर.
साडेदहाच्या पाण्याला बाबा येतील.
त्याच्या आधी जेवून झोपायला पायजे."