एक गुडघा

आस्सेनला सकाळी सात वाजता धुकं असतं
आणि शेजारच्या शेतातून शेणाचा वास.
तो पेट्रोलच्या वासात मिसळला की सीत्स्के म्हणते,
आता आल्यासारखं वाटलं.
(पहाटे चारला तिने सत्तर गायींचं दूध काढलेलं असतं.)

मी हार्म, तिचा भाऊ. माझं काम
टायरांना गोधड्या गुंडाळणं.
विजेवर तापणाऱ्या, ऐंशी अंशांच्या.
पुढचं चाक आधी, मग मागचं.
तापातल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हात लावायचा
आणि विश्वास मात्र काट्यावर ठेवायचा.

चामड्याचा सूट चढवताना ती शिव्या देते.
एकावन्न वर्षांची बाई,
पोटाशी चेन अडकते, मी ओढतो,
ती श्वास धरते, मी ओढतो.
मग हेल्मेट. मग तिचा चेहरा माझा राहत नाही.

पहिला फेरा ओळखीपुरता.
दुसऱ्यापासून इंजिनाचा आवाज बदलतो:
जाड कापड फाटावं तसा,
लांबच्या लांब, एकाच हिसक्यात.
सरळ पट्ट्यावर ती टाकीवर इतकी झोपते
की कोपरं तेवढी दिसतात,
मग एकदम उठून छातीवर वारा घेते,
ब्रेकवर दोन बोटं,
पुढचा टायर चपटा होतो,
मागचा टाचा उचलून उभा,
आणि नेमक्या त्या क्षणी ती एका बाजूने सांडते,
अर्धं ढुंगण सीटबाहेर,
नजर वळणाच्या पलीकडे
जिथं अजून काहीच आलेलं नाही.

बघशील तिथं जाशील,
म्हातारा योरित सांगतो प्रत्येकाला,
दरवर्षी, डांबरावर त्याच जागी थांबून.
दोन हजार नऊ साली रामशुकच्या वळणावर
मी कुंपण बघितलं होतं.
खांद्याजवळच्या हाडात सहा स्क्रू आहेत,
थंडी पडायच्या आदल्या दिवशी मला कळते.

मग तो गुडघा.
खर्र्, प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर.
गुडघे टेकले म्हणजे माणूस संपला म्हणतात.
ती एकच टेकते,
आंधळ्याच्या काठीसारखा,
जमीन कुठाय एवढं विचारण्यापुरता,
आणि उचलते.
माझे दोन्ही टेकलेले असतात,
चाकापाशी, गोधडीची दोरी आवळताना.

चौथ्या खेपेला ती आली नाही.
एक पंचावन्न. दोन. दोन दहा.
लाल झेंडा नाही.
बाकीच्यांचे आवाज येत होते, तिचा नव्हता.
तिचा मला ओळखू येतो,
तिला आजारी गाय हंबरली की येते तसा.
तीन मिनिटं.
मी घड्याळ थांबवलं नाही,
थांबवलं असतं तर त्याचा आकडा झाला असता.

मग दे स्ट्रुबनकडून, हळू, पहिल्या गिअरात.
रेडिएटरमध्ये गवत, बूट चिखलात.
काच वर करून म्हणाली, ससा.
मी सशाकडे बघितलं.
आणि ससा?
त्याने माझ्याकडे नाही बघितलं. तो बरोबर गेला.

आम्ही दोघांनी गवत उपसलं, काडी काडी.
एका काडीला फूल होतं, पिवळं, तिने ते खिशात नाही, तोंडात धरलं.
गुडघ्याचा तुकडा काढून माझ्या हातात दिला:
एका कोपऱ्यात झिजलेला, साबणाच्या वडीसारखा,
अजून गरम.
वीस मिनिटं उरलीत, ती म्हणाली. एक फेरा तू घाल.
तुझा सूट मला होणार नाही.
मला तरी कुठं होतो.

मी पुढच्या चाकाशी बसलो.
गोधडी गुंडाळली, दोरी आवळली.
काटा अठ्ठावीसवर होता.
ऐंशीला वेळ लागतो.