प्रमाणापेक्षा अधिक गढूळ नाही

जानेवारीत तेमा बंदरावर हरमॅटन येतो,
सहारातली माती इतकी बारीक दळून आणतो
की क्रेनची टोकं दिसत नाहीत,
जहाजांचे भोंगे तेवढे ऐकू येतात.
आम्ही खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबतो,
काचेची भांडी तीनदा विसळतो
आणि चौथ्यांदा, मिस्टर अक्पालूंच्या समाधानासाठी.

आज ग्लुकोज आहे. पंचवीस किलोची पोती,
जुलाबावरच्या पुड्यांत जाणारं.
दिसायला शुद्धच. पांढरं ते सगळं
दिसायला शुद्धच असतं.

नेसलरच्या दोन नळ्या, जुळ्या बहिणींसारख्या.
एकीत ग्लुकोजचं पाणी,
दुसरीत प्रमाण, म्हणजे मोजून घातलेला दोष,
चालतो तेवढाच, थेंबभर जास्त नाही.
(पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं,
चांगल्याची परीक्षा घ्यायला
आधी नेमकी तेवढी घाण बनवावी लागते म्हणून.)
विरल आम्ल, मग बेरियम क्लोराइड,
काचकांडीनं एकदा ढवळायचं
आणि पाच मिनिटं हात पाठीमागे.

आधी काहीच नाही.
मग पाणी कसलंसं आठवल्यासारखं होतं,
आईच्या आंबवलेल्या मक्यावर
दुसऱ्या दिवशी साचतं तसलं.

"डोळा हेच यंत्र, एसिनाम," हे त्यांचंच वाक्य,
"त्याला ना प्लग, ना सर्व्हिसिंग."
एकतीस वर्षं त्यांनी या काळ्या कागदासमोर
नळ्या धरल्यात.
एका कंटेनरपायी तीन रात्री
वरून येणारा फोन उचलला नव्हता.

आज त्यांनी नळ्या उचलल्या,
मान तिरकी केली, श्वास धरला.
"सारख्याच. पास."

मला डावी दाट दिसत होती.

मी काही बोलले नाही. सगळं धुतलं.
पुन्हा मांडलं, या वेळी तीन नळ्या,
चिठ्ठ्या पलीकडे वळवलेल्या.
पाच मिनिटं. बाहेर एक भोंगा, लांब.
"तिन्ही सारख्या," ते म्हणाले.

तिसरीत नुसतं पाणी होतं.

मी चिठ्ठ्या वळवल्या नाहीत.
त्यांनीच वळवल्या, एकेक,
नाकाजवळ नेऊन वाचल्या.
मग चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला,
लावला. काढला. परत पुसला.
"हरमॅटन," म्हणाले.
"हो सर," मी म्हणाले, "यंदा फारच."
खिडकी बंद होती, फटीतलं फडकं अजून ओलं.

बराच वेळ नळ पुरता बंद न झाल्यासारखा टपटपत राहिला.
मग त्यांनी नोंदवही माझ्याकडे सरकवली.
"तुला दिसलं ते लिही. मला दिसलं ते नाही."
मी लिहिलं: प्रमाणापेक्षा अधिक गढूळ.
पोती परत जातील. कुणीतरी फोन करील.

सहीसाठी त्यांचं बोट ओळ चाचपत होतं,
कागदावर, कागदाबाहेर.
मी हात धरला नाही.
काळा कागद उचलून
ओळीच्या खाली सरळ लावून ठेवला,
पांढऱ्यात पांढरं शोधायचं तर
मागे काळं धरावं, हे त्यांनीच शिकवलेलं.
सही झाली, शेपटासकट, नेहमीसारखी ऐटदार.

दिवे मालवताना दोघांचंही लक्ष
एकदमच त्या कपाटाकडे गेलं
जिथे ऑगस्टपासूनच्या राखीव नमुन्यांच्या बाटल्या आहेत,
सगळ्यांवर त्यांच्या सहीचं "पास".

"उद्या लवकर येते," मी म्हटलं.
त्यांनी कुलपाचं भोक बोटानं शोधलं,
किल्ली घातली.
"सहाला ये. काच मी धुऊन ठेवतो.
ते अजून जमतं."